कुंदाताईच्या गाडीची खडखड

कुंदाताई,

"सुटली बिचारी."

तुला अंगणातून उचललंही नव्हतं तेव्हा हे पहिल्यांदा कानावर आलं, आणि मग दिवसभर येतच राहिलं. जी बाई येई ती आधी पदर डोळ्याला लावी, मग तुझ्या शिलाई मशीनकडे बघे, मग म्हणे, सुटली बिचारी. एकीला मी विचारलंच, "कशातून सुटली, काकू?" त्या दचकल्या. "आता काय सांगावं माय," म्हणाल्या, "पायानं अशी..."

पायानं अशी. हे वाक्य कोणीच पुरं करत नाही. तू असतीस तर केलं असतंस. "पायानं अशी अन् तोंडानं तशी," म्हणून हसली असतीस, आणि मग त्या काकूंच्या ब्लाउजची बाही कोणत्या आंधळ्या शिंप्यानं लावली ते चारचौघांत विचारलं असतंस.

म्हणून सगळ्यात आधी लिहून ठेवते. तू सुटली नाहीस. तुला सुटायचंच नव्हतं. धाप लागत होती, बोलताना मध्येच थांबावं लागत होतं, तरी तू मला सांगत होतीस, "मांगच्या चाकाची हवा पाह्य. परवा बाजार हाये." परवा बाजाराला जायचं असलेली बाई सुटत नसते. तिला नेतात, आणि ती नेणाऱ्याशी भांडत जाते.

कशानं गेलीस ते मी इथे लिहिणार नाही. ज्यांना विचारायचं होतं त्यांनी अंगणातच विचारून घेतलं.

मला पत्रकं लिहायची सवय. एक पान, वर मोठं अक्षर, मध्ये संताप, खाली मागण्या. पत्रकात 'आम्ही' असतं, 'त्यांनी' असतं, 'तू' कुठेच नसतं. तूच टोमणा मारायचीस, "तुया पत्रकात मानूस कुठी हाये वं? निस्त्या मागण्याच हायेत." तर हे घे. यात मागणी एकच आहे. ती शेवटी येईल, आणि सरकारकडे नाही.

आपली ओळख त्या सरकारी तीनचाकीवरून झाली. शिबिरात वाटलेली. मांडव, हार, भाषणं. तुला तिघांनी उचलून तिच्यात बसवलं, फोटो काढला, तिघांनी उचलून खाली ठेवलं. मी 'निकृष्ट तीनचाकी वाटपाचा जाहीर निषेध' असं पत्रक काढून सह्यांसाठी दारव्ह्यात दारोदार फिरत होते. तुझ्या घरी आले तर गाडी निंबाखाली उभी आणि सीटवर कोंबडी बसलेली.

तू पत्रक पूर्ण वाचलंस. माझं पत्रक पूर्ण वाचणारी तू पहिलीच. म्हणालीस, "निकृष्ट नाई हाये वं. लोखंड चांगलं हाये. कोंबड्याईले तर लय आवडली."

"मग ताई, तुम्ही वापरत का नाही?"

"तू बसून पाह्यली का?"

"मी?"

"पत्रक तू काढलं नं? मंग बस."

मी बसले. "आता उजवा पाय गुडघ्यात मोड. तसाच धर. खाली नोको सोडू. फिरव पायडल." मी फिरवलं. हाताचं पायडल गरकन आलं आणि थेट गुडघ्यावर बसलं. मी कळवळले. तू टाळी वाजवलीस. "पाह्य! आता लिही."

तुझा डावा पाय लोंबता आणि उजवा गुडघ्यात कायमचा आखडून पुढे आलेला. ती गाडी ज्या अपंग माणसासाठी केली होती त्याचे दोन्ही पाय सरळ खाली, गुमान लोंबत असतात. असा माणूस फक्त टेंडरच्या कागदात राहतो. शिवाय गाडी तुमच्या दारातून आत येत नव्हती. म्हणजे दारापर्यंत कोणीतरी उचलून आणायचं, मग तिथून पुढे स्वावलंबी व्हायचं! आणि त्याचा फोटो छापायचा!

सही केलीस. पण पेन माझ्या हातात देण्याआधी विचारलंस, "तुयी मागणी मंजूर झाली त का होईन?"

"सगळ्यांना चांगल्या गाड्या मिळतील."

"सगळ्याईले एकाच मापाच्या चांगल्या. ब्लाउज कोणी असे वाटते का वं? घ्या माय, गावातल्या बायाईले एक एक, सारे छत्तीसचे!"

उत्तर नसलं की मी आवाज वाढवते, हे तुला त्याच दिवशी कळलं. तू तोंडात सुपारी टाकलीस आणि म्हणालीस, "वरडू नोको. त्या बबनले बोलाव."

बबनभाऊचं सायकलीचं दुकान बाजाराच्या वळणावर. दारव्ह्यात एवढा बडबड्या माणूस दुसरा नाही. "विमान बी करून देतो, निस्तं उतरवाले जागा दाखवा," असं म्हणणारा. सायकली कोण चालवतो आता? दुकानाच्या मागे मेलेल्या सायकलींचा ढीग होता, वर वेल चढलेला. तू ऑटोतून उतरलीस, हातांवर सरकत सरकत त्या ढिगापाशी गेलीस, आणि साडीच्या दुकानात बसावं तशी बसलीस. हे दाखवा, ते काढा, त्याच्या खालचं ओढा.

"हे लेडीज कोणाची?"

"शाळेची हाये. योजनेतली. पोट्टीचं लग्न झालं, सायकल इथीच राह्यली."

"चाकं झिजले?"

"कायचे झिजते? बापानं तिले बसू कुठी देलं?"

तू ती चाकं हातानं फिरवून बघितलीस. बराच वेळ. मग म्हणालीस, "मंग मी फिरवते इचे." मागची दोन्ही चाकं त्या सायकलची. जाड नळी दूधवाल्याच्या सायकलची, तिच्यावर कॅन टांगल्याच्या खुणा होत्या. पुढचं चाक लहान मुलाच्या सायकलचं. दोन सायकलींच्या चेन जोडून एक केली. सीटला प्लास्टिकची खुर्ची, पाय तुटलेली. "मायी बहीण," तू तिला थोपटून म्हणालीस. आणि सरकारी तीनचाकीतून तू फक्त घंटी काढून घेतलीस. बबनभाऊ म्हणाले, "बाकीची कायले सोडता? पुरी खोलू नं." तू म्हणालीस, "मंग कोंबड्या कुठी बसतीन?"

पायडल उजव्या बाजूला घ्यायचं हे तूच ठरवलंस. आयुष्यभर हातमशीनचं चाक फिरवून तुझा उजवा हात पैलवानाचा झाला होता. डावा हात हँडलला, उजवा पायडलला, आखडलेला पाय मध्ये खुशाल बसलेला. हा विचार मांडवातल्या एकाही भाषणबाजाच्या डोक्यात आला नव्हता, कारण एकानंही तुला विचारलं नव्हतं की बाई, तू दिवसभर करतेस काय?

मग ते माप. आठवलं की अजून हसू येतं, आणि तू गेल्यापासून हसू आलं की लगेच रडू येतं.

बबनभाऊ टेप घेऊन पुढे आले. "दूर राहा," तू म्हणालीस. "म्या जिंदगीभर दुसऱ्याईचे मापं घेतले. मायं मी घेईन." घरी जाऊन तुझ्या मंदावहिनीला टेपचं टोक धरायला लावून तू स्वतःचं माप काढलंस आणि मला आकडे पाठ करायला लावून बबनभाऊकडे धाडलंस. सांगाडा तयार झाला. तुला वर बसवलं. तू त्यात अशी बसलीस की मोठ्या पातेल्यात एक बटाटा. पायडलपर्यंत हात पोचेना.

"हे कोणाच्या मापाचं केलं बबनभाऊ?"

"तुमच्याच! वरतून जरा जास्तीचं धरलं. लोखंड कमी पडलं त ताणता येते का?"

"जास्तीचं त म्या बी धरलतं!"

शिवणाऱ्या हाताची खोड. कपडा बेतताना तू मापावर थोडा दाब ठेवायचीस, म्हणजे आत मुडपून ठेवायचं जास्तीचं कापड, पुढे उसवून मोठं करता यावं म्हणून. स्वतःचं माप घेतानाही हातानं तेच केलं. त्यावर बबनभाऊंनी वेल्डरचा दाब ठेवला. आणि आम्ही, एका मापाच्या सरकारी गाडीविरुद्ध बोंबलत फिरणारे, तिच्याहून ढगळ गाडी घेऊन भर बाजारात उभे. मी चिडून लाल झाले. तू म्हणालीस, "काढ पत्रक. बबनभाऊचा जाहीर निषेध."

बबनभाऊंनी आरी उचलली. "थांबा," तू म्हणालीस. "कापू नोका. आत घाला."

"लोखंड हाये ताई, लुगडं नाई. आत कसं घालू?"

"तुमची सीटची दांडी नळीत खालीवर होते का नाई? तसंच."

भाऊ पुटपुटत राहिले, पण त्यांनी केलं. मधली नळी दुसऱ्या नळीत सरकवली, आरपार भोक पाडलं आणि एक बोल्ट टाकला. गाडी तुझ्या मापाची झाली. पण तो बोल्ट वाजायचा. खड्ड्यात, दगडावर, नुसती वळली तरी खड, खड, खड. "एक वेल्डिंगचा टाका मारतो, गप बसते," भाऊ म्हणाले. तू त्यांच्या हातावर चापट मारलीस. "हात नाई लावाचा."

त्या खडखडीवरून आपण किती भांडलो! मिरचीवाला ढीग सावरायचा, पानठेल्यावरची पोरं म्हणायची, "आली वं आली, मालगाडी आली." मला राग यायचा. मी म्हणायचे, "ताई, एक टाका मारू दे ना. तू काय आता वाढणार आहेस?" तू सुपारी चघळत एकच उत्तर द्यायचीस. "तुले शिवणकाम नाई समजत."

नव्हतं समजत. कबूल. पण तुला समजावून सांगता येत नव्हतं का? चार शब्द टाकले असतेस तर काय झालं असतं? हे भांडण मी अजून मिटवलेलं नाही.

ब्रेक टिकेनात. शेवटी बबनभाऊंनी एक पट्टी बसवली, दांडी ओढली की ती मागच्या टायरला घासायची, आणि पट्टीला रबर म्हणून जुन्या चपलेचा तळ कापून लावला. तू पोट धरून हसलीस. "जन्मात पायात चप्पल घातली नाई, आता गाडीले घालते!" मग आळीतल्या बाया एकट्या उरलेल्या चपला तुला आणून द्यायला लागल्या. एक कुत्र्यानं नेली, दुसरी कुंदाच्या गाडीला.

पहिला बाजार आठवतो? मी बरोबर चालत होते, सुधाकरदादा मागून मोटरसायकलवर. तुझा भाऊ. लहानपणापासून तुला त्यानंच उचललं, दवाखान्यात, लग्नात, देवळात. कापूस वेचून आला तरी आधी तुला अंगणात नेऊन बसवायचा. त्या दिवशी तो हळूहळू मागे येत होता आणि तू दर थोड्या वेळानं ओरडत होतीस, "दादा, घरी जाय! वावरात काम नाई का तुले?"

वांगेवालीपाशी तू गाडी लावलीस. एक वांगं उचललंस, उलटं केलंस, देठ बघितला, ठेवलंस. दुसरं. तिसरं. ती वैतागली. "बाई, वांगं घ्याचं हाये का पोरगी पाहाले आली?"

"आजलोक दुसऱ्यानं आनलेलं खाल्लं," तू म्हणालीस. "आज मी निवडीन. तू थांब."

कोणाला ही छोटी गोष्ट वाटेल. मला विचारा. दुसऱ्यानं आणलेलं वांगं आयुष्यभर खाणं म्हणजे काय, हे मला तेव्हा कळलं, आणि ते अजून एकाही पत्रकात बसवता आलेलं नाही.

कचेरीच्या पायऱ्यांचंही तसंच. मी रॅम्पसाठी निवेदनं देत होते. तू पायऱ्यांसमोर गाडी लावलीस आणि सरकारी घंटी वाजवायला सुरुवात केलीस. वाजवतच राहिलीस. शिपाई आला, "बाई, काय त्रास हाये?" तू म्हणालीस, "मले नाई. तुमच्या पायऱ्याईले हाये. साहेबाले खाली पाठवा." साहेब खाली आले. दर वेळी आले. पायऱ्या तू कधी चढली नाहीस, पण साहेब मात्र उतरवलेस. "रॅम्प झाला त बरं हाये," तू म्हणायचीस, "पन मंग साहेबाचा व्यायाम बंद होईन."

आणि आता आपलं मोठं भांडण, जे यवतमाळच्या धरण्यापासून चालू आहे. मंडपात आमच्या संघटनेच्या लोकांना तुझी गाडी पुढे उभी करायची होती. नुसती गाडी, तिच्यावर फलक. भंगारातून एक बाई करू शकते ते सरकार का करत नाही? अजूनही सांगते, कल्पना चांगली होती. फोटो आला असता. तू म्हणालीस, "मी बसून येईन. रिकामी गाडी उभी नाई कराची."

"ताई, प्रतीक असतं ते."

"रिकामी गाडी म्हंजे मढं. फोटो काढाले मांडवात अगोदर बी एक उभी होती. इसरली का?"

विसरले नव्हते. पण आपल्या मांडवातला फोटो वेगळा असतो असं मला वाटत होतं. तू बसूनच आलीस आणि दिवसभर फलक तुझ्या पाठीमागे झाकला गेला.

तिथेच सोनाबाई भेटली. पांढरकवड्याकडची, केळापूर तालुक्यातल्या एका कोलाम पोडावरची, आदिवासी वस्तीवरची. उंच, लांब हातांची. हायवेवर ट्रकनं एक पाय नेलेला. बांबूच्या टोपल्या करते, पण हायवेपर्यंत नेणार कोण? भाऊ खांद्यावर घेऊन जायचा तेव्हा विकायची, भाऊ मजुरीला गेला की दारात येणारा व्यापारी म्हणेल त्यात द्यायची. तिनं तुझ्या गाडीला तीन फेऱ्या मारल्या कुबडीवर, आणि म्हणाली, "बसू का माय?" बसली. गुडघा छातीला लागला. पायडल पोटात.

"मायी हाये, माया मापाची हाये," तू म्हणालीस. "मी मेल्यावर ये, तुले देते."

"मंग लवकर मर नं माय!"

दोघी एवढ्या हसलात की स्टेजवरच्या वक्त्यानं भाषण थांबवलं. मला ते हसणं अजिबात आवडलं नव्हतं. मला वाटलं, हा नुसता विनोद आहे.

आता तुझ्या तेरवीचं सांगते, कारण तू नव्हतीस आणि तुझ्यावाचून सांगण्यासारखं तिथेच घडलं.

दानात छत्री आणि चप्पल द्यावी लागते, वाटेवरच्या उन्हासाठी. दादा चप्पल आणायला गेला. दुकानदारानं विचारलं, "कितीचा नंबर?" साठीला आलेल्या बहिणीच्या पायाचा नंबर दादाला माहीत नव्हता, कोणालाच नव्हता, तुलाही नव्हता. वहिनी सांगत होत्या, तिथेच काउंटरवर डोकं टेकवून रडला.

मला हे आधी माहीत नव्हतं. मी कर्मकांडाविरुद्ध पत्रक काढलेली बाई. पाटावर नवी कोरी लेडीज चप्पल पाहिली आणि माझं डोकं फिरलं. पंगत बसायची होती, पाहुणे होते, तरी मोठ्यानं म्हणाले, "तिला चप्पल कशाला? द्यायचंच तर ट्यूब द्या, चेन द्या! जिवंतपणी पाय नव्हते म्हणून बिचारी म्हटलं, आता मेल्यावर चालायला लावता?"

दादा उठला. तो माझ्यावर कधी ओरडला नव्हता. तेव्हाही ओरडला नाही. म्हणाला, "तू बाहेरची हाये पोरी, म्हून बोलू देतो. अनवानी कशी पाठवू मी तिले?"

यावर कोणतं पत्रक काढू? मी खाली बसले. गुरुजींनी मंत्र म्हटला, चप्पल घेतली.

गाडी निंबाखाली होती, हार घातलेली. तिच्यावरून दादाचं आणि माझं आधीच वाजलं होतं. आमच्या लोकांनी ठरवलं होतं की ती कचेरीच्या फाटकाशी कायमची उभी करायची, वर पत्रा, तुझं नाव, खाली मागणी. दादाला ती अंगणातच ठेवायची होती, वर पत्रा, तुझा फोटो, रोज उदबत्ती. "तिचं तेवढंच राह्यलं," म्हणे. मी म्हणत होते तो हट्टी आहे. तो म्हणत होता मी पुढारी आहे. दोघांचाही पत्रा तयार होता.

आणि सोनाबाई आली. मीच फोन करून कळवलं होतं, पण एवढ्या लांबून एसटी आणि जीप करत ती येईल असं वाटलं नव्हतं. काही मागितलं नाही तिनं. पानावर बसली, जेवली, हात धुतला आणि म्हणाली, "गाडी कुठी हाये? पाहून घेते." गेली, हँडलवर हात ठेवून उभी राहिली. वहिनी म्हणाल्या, "बसतं का?" आणि हार काढला.

ती बसली. तसंच. गुडघा छातीला, पायडल पोटात. दादा म्हणाला, "नाई बसत. तिच्याच मापाची हाये ते." त्याच्या आवाजात सुटका होती. खोटं कशाला बोलू, माझ्याही छातीतून श्वास सुटला. गाडी कोणालाच बसत नाही म्हणजे फाटकाशी उभी करायला मोकळी.

बबनभाऊ हातात बुंदीचा लाडू घेऊन बघत होते. लाडू त्यांनी खिशात घातला. गाडीजवळ वाकले. तो बोल्ट बोटांनी हलवला. "सुधाकरभाऊ," म्हणाले, "पाना हाये का घरात?"

बोल्ट निघाला. भाऊंनी पुढचं चाक धरून ओढलं, आणि आतली नळी बाहेर आली. सरकत, सहज, मधाच्या बरणीतून चमचा यावा तशी. चकचकीत. गंजाचा ठिपका नाही. बाहेरची नळी तांबडी झालेली आणि आतली जशीच्या तशी, ग्रीसनं माखलेली.

"हे कोणी केलं?" भाऊ म्हणाले.

मंदावहिनी पुढे आल्या. "माझ्याच हातानं करून घ्यायच्या," म्हणाल्या. "दर पावसाळ्याच्या आधी. खोला, पुसा, ग्रीस लावा, आत घाला. मी म्हणायची, कायले वं बाई एवढं? त्या म्हणायच्या, दाब गंजला त उसवता येत नाई."

म्हणजे तू रोज ती खडखड ऐकत होतीस. पोरांची 'मालगाडी' ऐकत होतीस, माझी कटकट ऐकत होतीस, आणि एक टाका मारू देत नव्हतीस. तुझ्यासाठी गाडी केव्हाच पुरी झाली होती. बोल्ट तुझ्यानंतरच्या बाईसाठी होता. आयुष्यभर तू मोठीचा फ्रॉक लहानीला, सासूचं लुगडं सुनेच्या ब्लाउजला करत आलीस. कोणाच्या अंगावरचं कापड कधी फुकट जाऊ दिलं नाहीस. मग स्वतःची गाडी पत्र्याखाली उदबत्ती खात बसू देणार होतीस होय?

भाऊंनी पुढचं भोक शोधलं. होतं. तेव्हाच पाडून ठेवलेलं, तू पाडायला लावलेलं. "म्या म्हटलं, हे भोक कायले?" भाऊ म्हणाले. "त मले म्हणे, तुले शिवणकाम नाई समजत."

मी हसले आणि रडले, दोन्ही एकदम, भर अंगणात, मोठ्यानं. दोघांनाही एकच उत्तर!

बोल्ट त्या भोकात टाकला आणि सोनाबाईचा गुडघा छातीपासून सुटला. चेनला थोड्या कड्या वाढवाव्या लागतील, पण हात नीट पोचला. तिनं अंगणात एक चक्कर मारली आणि सरळ तुळशीवर निघाली. "थांबते कशी हे? थांबते कशी?" ब्रेक ओढला तर पट्टीचं रबर झिजून गेलेलं. बबनभाऊंनी धावत जाऊन धरली.

गुरुजी मोपेडला पिशवी लावत होते. परत आले. ती चप्पल पिशवीतून काढली. "यजमान," दादाला म्हणाले, "दान मी घेतलं. पोचलं. आता ही वस्तू माझी. माझी वस्तू मी कोणाला द्यायची ते मी ठरवणार. चालेल ना?" माझ्याकडे बघून म्हणाले, "तुमचं पत्रक वाचलंय मी." आणि चप्पल दादाच्या हातात ठेवली.

दादा बराच वेळ ती चप्पल उलटीसुलटी करत राहिला. तू वांगं करायचीस तशी. मग घरातून तुझी कात्री घेऊन आला. कापडाची कात्री, जिला तू कागदसुद्धा लावू द्यायची नाहीस. मी म्हणाले, "दादा, ती खराब होईल." "होऊ दे," म्हणाला. निंबाखाली बसून त्यानं स्वतः तळ कापला, पट्टीला बसवला, खिळे ठोकले. दुसरी चप्पल सोनाबाईच्या मांडीवर ठेवली. "हे झिजली का, ते लावजो."

तुझी पहिली चप्पल, कुंदाताई. अनवाणी गेली नाहीस.

गाडी पिकअपमध्ये चढवून पांढरकवड्याला गेली. कचेरीच्या फाटकाशी आता काहीच उभं नाही, आणि आमचे लोक माझ्यावर नाराज आहेत. असू देत. पायऱ्या अजून आहेत, एका मापाच्या गाड्या अजून वाटल्या जाताहेत, आणि मी अजून पत्रकं काढणार आहे. पण रिकाम्या गाडीचा फोटो त्यात टाकणार नाही. त्या भांडणात तू जिंकलीस. खडखडीच्या भांडणात मात्र नाही. सांगायला हवं होतंस. तोंड होतं ना तुला, एवढं मोठं?

काल सोनाबाईचा फोन आला. ती हायवेवर टोपल्या घेऊन बसली होती, मागून ट्रक जात होते, तिचं बोलणं नीट ऐकू येत नव्हतं. म्हणाली, "गाडी झकास हाये माय. निस्ती वाजते लय. इथी एक वेल्डिंगवाला हाये. मारून घेऊ का एक टाका?"

मी एवढ्या मोठ्यानं ओरडले की घरातले धावत आले.

तर ही माझी मागणी, आणि ही एकच. सोनाबाई वाचत असेल, तिच्या नंतरची वाचत असेल, तिच्याही नंतरची: गाडी वाजू द्या. त्या बोल्टला कोणी हात लावायचा नाही.